हँडवायर्ड ॲम्प: आवाज तारांचा की ट्रान्सफॉर्मरचा?

सहावी तार

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी वारज्याचा. आमचा चौघांचा बँड आहे. ब्लूज, थोडं जुनं रॉक आणि स्वतःची मराठी गाणी वाजवतो. सराव धायरीत एका बिल्डिंगच्या तळघरात. इतकी वर्षं सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) कॉम्बोवर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, भागवलं, आता व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचाय. एकदाच काय तो खर्च करायचा आणि पुढची दहा वर्षं ॲम्पचा विषय काढायचा नाही, या बोलीवर घरून मंजुरी मिळाली आहे. तेव्हा जरा विचारून घेतो.

तीन ॲम्प डोक्यात आहेत.

कोरेगाव पार्कात एका गृहस्थांकडे मॅचलेस डीसी-३० च्या धर्तीवर बांधलेलं अमेरिकन हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आहे. ३० वॅट, चार ईएल८४ (शेवटच्या टप्प्याचे पॉवर व्हॉल्व्ह), १२० व्होल्टवर चालणारं. त्यांनी चेसिस उलटं करून दाखवलं. आत बोर्डच नाही! सॉकेटच्या पायावरून रेझिस्टर थेट टॅगस्ट्रिपवर (सोल्डरच्या पायांची पट्टी), तारा काटकोनात वळवलेल्या, एकही सोल्डर ओघळलेला नाही. खरं सांगतो, बघूनच अर्धा विरघळलो. ते त्यांनी २ बाय १२ च्या (दोन १२ इंची स्पीकरच्या) मोठ्या उघड्या पाठीच्या खोक्यावर वाजवून दाखवलं. पिक हलका मारला की काचेसारखा स्वच्छ, जोरात मारला की कडा खरबरीत होतात, पण कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा कळतो.

दुसरा, कर्वेनगरात एक जण फेंडरच्या जुन्या ट्वीड डिलक्सचं सर्किट, म्हणजे ५ई३, टरेट बोर्डवर (पितळी खुंट्या ठोकलेला, हाताने तारा जोडायचा बोर्ड) बांधून देतो. साधारण १२ वॅट, पाइनचा खोका, एक १२ इंची स्पीकर. हा प्रकार मजेशीर आहे. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढे नेला की आवाज वाढत नाही, नुसता मळत जातो. आणि ज्या चॅनलमध्ये काही लावलेलंच नाही त्याचं बटण फिरवलं तरी माझ्या चॅनलचा टोन बदलतो! आधी वाटलं काहीतरी बिघडलंय.

तिसरा, एका मोठ्या कंपनीचा १५ वॅटचा कॉम्बो. दोन ईएल८४, पीसीबी (छापील सर्किट बोर्ड), एमडीएफचा आटोपशीर खोका, वॉरंटी. आवाज वाईट नाही, पण डबा वाजल्यासारखा वाटतो.

पहिल्या आणि तिसऱ्याच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. दोन्हीकडे व्हॉल्व्ह त्याच जातीचे. मग जो फरक मला ऐकू आला तो हाताने वायरिंग केल्यामुळे आला का? की मी आतलं कारागिरीचं काम बघून आधीच भारावलो होतो आणि कानांनी डोळ्यांचं ऐकलं?

स्ट्रॅटपेशवा

अरे विचार कसला करतोस, पॉइंट टू पॉइंट (बोर्डाशिवाय, हाताने जोडलेलं) घे आणि मोकळा हो. पीसीबीवर सिग्नल पातळ तांब्याच्या रेघेतून रांगत जातो, हँडवायर्डमध्ये श्वास घेतो. मी दोन्ही वापरलेत. एकदा हँडवायर्ड कानावर पडला की मागे फिरणं नाही. जुने कार्बन काँपोझिशनचे रेझिस्टर असतील तर दुधात साखर.

जुना कंडेन्सर

पेशवे, तुमच्या श्वासाबद्दल शेवटी बोलू.

सहावी तार, माझी ओळख थोडक्यात: बुधवार पेठेत व्हॉल्व्हचे रेडिओ आणि मांडववाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत हात काळे केले, हल्ली गिटारवाल्यांचे ॲम्प येतात. तेव्हा उजळ बाजूपेक्षा पोटातली बाजू जास्त पाहिली आहे.

आधी तारेचं. करंटला आपण हाताने सोल्डर केलेल्या तारेतून चाललोय की छापील रेघेतून, याचं सोयरसुतक नसतं. फरक पडतो तो दोन तारांमधल्या अंतराने. १२एएक्स७ (सुरुवातीच्या टप्प्यांतला छोटा व्हॉल्व्ह) च्या एका टप्प्यात सिग्नल पन्नासेक पटीने वाढतो. असे दोन टप्पे झाले की अडीच हजार पट. आता पुढच्या टप्प्याची ॲनोडची (सिग्नल बाहेर पडतो ती) तार पहिल्या टप्प्याच्या ग्रिडच्या (सिग्नल आत शिरतो त्या) तारेशेजारून नेली, तर दोन-चार पिकोफॅरडसुद्धा सिग्नल मागे ढकलायला पुरतात. ॲम्प शिट्टी मारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ऐकू न येणाऱ्या उंचीवर ओरडत राहतो आणि तुम्हाला फक्त आवाज कर्कश आणि दमलेला वाटतो.

शिवाय त्याच व्हॉल्व्हच्या ग्रिडला मिलर परिणामामुळे (व्हॉल्व्हच्या आतला छोटा कपॅसिटन्स गेनच्या पटीत मोठा भासतो) १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स दिसतो. वाटेत ६८ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर वरच्या सुरांना कात्री २३ किलोहर्ट्झच्या आसपास लागते, गिटारला त्याचं काय! पण तिथेच ४७० किलोओहम असेल तर साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच वरचा आवाज उतरायला लागतो. अशा जागी तारेच्या ठेवणीने पाच-दहा पिकोफॅरड इकडचे तिकडे झाले तर ते कानाला कळू शकतं. म्हणजे ठेवण महत्त्वाची. ती हाताने केली की छापून केली, हा पुढचा प्रश्न.

ठेवणीचं टोक बघायचं तर ट्रेनरेक एक्सप्रेस. केन फिशर नावाचा माणूस, आधी ॲम्पेगमध्ये होता, २००६ मध्ये गेला. ॲम्पला सिरियल नंबरऐवजी बायकांची नावं द्यायचा. एक्सप्रेसमध्ये तीन १२एएक्स७ आणि बहुधा दोन ईएल३४, रिव्हर्ब नाही, मास्टर व्हॉल्यूम नाही, कागदावर बघाल तर शाळकरी पोराने काढल्यासारखं सर्किट. पण गेन इतका की तो नेहमी बोंबलण्याच्या काठावर उभा असतो. त्याची नक्कल करणारे लोक भाग तेच आणतात आणि तार बोटभर सरकली म्हणून रात्री घालवतात. तिथे हाताच्या वायरिंगचा मान मी शंभर टक्के मान्य करतो. तुमच्या तिघांपैकी एकही ॲम्प त्या जातीचा नाही.

आता मुद्द्यावर. एकच सर्किट, आवाज वेगळा, हे कसं होतं त्याचा सगळ्यात मोठा दाखला लंडनमध्ये घडला. १९६२ च्या सुमारास जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमन ५एफ६-ए जवळजवळ जसाच्या तसा उतरवला. तो जेटीएम४५. दोन्हीचे नकाशे शेजारी ठेवा, जुळ्या भावांसारखे दिसतील. दोन्ही हाताने बांधलेले. आणि तरी कोणीही आंधळ्याने सांगावं की हा फेंडर आणि हा मार्शल.

का? बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७, त्याचा वाढवण्याचा गुणांक ४४ च्या आसपास. मार्शलने ईसीसी८३ (१२एएक्स७ चंच युरोपातलं नाव) लावला, गुणांक १००. बासमनमध्ये शेवटी ५८८१, सुरुवातीच्या मार्शलमध्ये काही काळाने केटी६६. बासमनचे चार १० इंची जेन्सेन उघड्या पाठीच्या खोक्यात, मार्शलचे चार १२ इंची सेलेस्टियन बंद खोक्यात. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळाले ते. आणि यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट: दोन्हीकडे निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देऊन ॲम्पला लगाम घालणारा) रेझिस्टर २७ किलोओहमच, पण बासमन तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या २ ओहमच्या टॅपवरून घेतो आणि मार्शलने १६ ओहमच्या टॅपवरून घेतला. १६ ओहमवर व्होल्टेज जास्त, म्हणून फीडबॅक जास्त. रेझिस्टर तोच, छापलेली किंमत तीच, परिणाम वेगळा.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना उलट क्रमाने बघायला सांगतो. आधी स्पीकर आणि खोका, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग सर्किटची जात आणि भागांच्या किमती (रुपयांतल्या नव्हे, ओहम-फॅरडमधल्या). वायरिंगची पद्धत त्यानंतर.

तुमचे तीन ॲम्प या चष्म्यातून बघा. पहिला व्हॉक्स एसी३० च्या घराण्यातला. कॅथोड बायस (व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःचा करंट सांभाळतो), निगेटिव्ह फीडबॅक नाही. फीडबॅक नसला की ॲम्पची स्पीकरवरची पकड ढिली राहते, स्पीकरचा स्वतःचा स्वभाव, खालचा रेझोनन्स आणि वरची चढती इम्पीडन्स, मोकळेपणाने बाहेर येतो. तुम्हाला जे सुटे सूर आणि काच ऐकू आली त्यात मोठा वाटा याचा आहे, आणि त्या दोन स्पीकरवाल्या खोक्याचा. (हे लोक एसी३० ला क्लास ए म्हणतात. क्लास ए म्हणजे व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बंद होत नाहीत. पूर्ण आवाजाला तो कॅथोड बायसवाला एबीच असतो. जाहिरात करणाऱ्यांना 'ए' लिहायला सोपा पडतो.)

तिसराही दोन ईएल८४ वर. त्याचं सर्किट मी पाहिलेलं नाही, पण डबा वाजल्यासारखा आवाज पीसीबीतून येत नाही हो. एमडीएफच्या उथळ खोक्यातून येतो.

दुसऱ्याचं कोडं सोडवून टाकतो. ५ई३ मध्ये दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम पॉट एकाच बिंदूला येऊन मिळतात, मध्ये त्यांना वेगळं ठेवणारा रेझिस्टरच नाही. टोनचा पॉटही तिथेच. म्हणून रिकाम्या चॅनलचा पॉट तुमच्या सिग्नलवर ओझं टाकतो. बिघाड नाही. जुने वाजवणारे तो पॉट टोनचं जादा बटण म्हणून वापरतात. आणि आवाज मळतो कारण कपलिंग कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचे, खालचे सूर भरभरून आत येतात. पुढे ५वाय३ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), जोरात वाजवलं की व्होल्टेज खचतं आणि आवाज दबून मग वर येतो. हंबकर (जाड आवाजाचा पिकअप) लावलात तर खालच्या तारा चिखल करतील.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं एक प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. पेठेतल्या वाइंडरला फक्त 'आठ के प्रायमरी, आठ ओहम सेकंडरी' असं सांगून आलात तर तो मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरसारखा आधी सगळा प्रायमरी गुंडाळतो, वर कागद, वर सगळा सेकंडरी. मीटरवर रेशो अचूक. ॲम्पला लावा, वरचा आवाज गायब, घोंगडी पांघरल्यासारखा. कारण दोन वाइंडिंग एकमेकांपासून लांब पडली, लीकेज वाढलं. त्याला शेजारी बसवून सांगावं लागतं: थोडा प्रायमरी, मग सेकंडरी, पुन्हा प्रायमरी, असे थर दे. तोच माणूस, तीच तार, तेच स्टॅम्पिंग (कोअरच्या लोखंडी पट्ट्या). थर लावल्यावर त्याच ॲम्पमध्ये पिकचं टोक ऐकू येतं. आणि स्टॅम्पिंगचा गठ्ठा कमी भरला असेल तर खालच्या ई तारेला कोअर तुंबतो. बुटीकवाल्याला दिलेल्या पैशातला योग्य पैसा कुठला म्हणाल, तर हा. ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघा.

आता पेशवे. कार्बन काँपोझिशनचा रेझिस्टर त्याच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे किंचित बदलतो, हे खरं. त्यामुळे जिथे सिग्नल शंभरेक व्होल्टने झुलतो अशा ॲनोडच्या जागी तो थोडा गोडवा देऊ शकतो. पण तोच पहिल्या व्हॉल्व्हवर लावलात तर शेवयांच्या कढईसारखा चुरचुरतो. शिवाय दमट हवेत त्याची किंमत वर सरकते, आणि पुण्यातला जुलै तुम्ही पाहिलाय. पहिल्या टप्प्यात मेटल फिल्म लावा आणि शांत झोपा.

पावसाचा विषय निघालाच आहे तर: जुन्या फेंडरमधला काळा व्हल्कनाइज्ड फायबरचा आयलेट बोर्ड ओल धरतो. मग बोर्डच थोडा वाहक होतो आणि ४०० व्होल्टची गळती जिथे नको तिथे पोचते. मीटरची काळी तार चेसिसला, लाल टोक बोर्डच्या नुसत्या मोकळ्या जागेवर टेकवलं तरी व्होल्ट दिसतात. कर्वेनगरवाल्याला विचारा, बोर्ड कशाचा आहे. ग्लास इपॉक्सी असेल तर उत्तम, चांगलं हायलम (फिनॉलिक शीट) ही चालेल. 'व्हिंटेजला शोभेल असा फायबर' म्हणाला तर नको म्हणा. (मीटर लावण्याचं काम घरी करू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर भरलेले असतात, माणूस फेकला जातो.)

मग हाताच्या वायरिंगचे पैसे द्यायचेच नाहीत का? द्या की. पण दुरुस्तीसाठी द्या. टॅगस्ट्रिपवरचा एक रेझिस्टर गेला तर चहा उकळेपर्यंत बदलून होतो.

निगडीकर

बऱ्याच गोष्टींना +१, पण शेवटच्या परिच्छेदावर हरकत आहे. मी भोसरीत पीसीबी डिझाइन करतो, तेव्हा बाजू घ्यायलाच हवी.

पीसीबीचा मोठा गुण म्हणजे ठेवण एकदा बरोबर बसली की हजारावा नगही पहिल्यासारखाच. हातवायरिंगमध्ये सोमवारचा ॲम्प आणि शनिवारचा ॲम्प सारखे निघतीलच असं नाही. काका म्हणतात ती ग्रिडची तार, ती मी बोर्डवर कायमची योग्य जागी गाडू शकतो, शेजारी ग्राउंडची रेघ घालून. मोठ्या गेनच्या, अनेक चॅनलच्या ॲम्पमध्ये रिले आणि स्विचिंग इतकं असतं की हाताने बांधायचं म्हटलं तर तारांची जाळी होईल. मेसा बूगीसारख्यांनी पीसीबी उगाच नाही धरला.

वाईट पीसीबी मात्र खरंच वाईट. ओळखायचा कसा: व्हॉल्व्हचे सॉकेट थेट बोर्डवर बसवलेत का बघ. ईएल८४ भट्टीसारखा तापतो. कॉम्बोमध्ये तो उलटा टांगलेला असला की उष्णता सरळ बोर्डकडे चढते. वर्षानुवर्षं तापणं-थंड होणं चाललं की सॉकेटच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर जाते, बोर्ड तपकिरी पडतो. मग ॲम्प मध्येच चालतो, मध्येच खरखरतो, आणि ठोकला की सुधारतो. तसंच जॅक आणि पॉट. बोर्डवरच सोल्डर असतील तर कोणी केबलला अडखळलं की झटका रेघेला बसतो. सॉकेट, जॅक, पॉट चेसिसला घट्ट आणि बोर्डकडे तारा गेलेल्या, असा पीसीबी असेल तर डोळे मिटून घे. आवाजात फरक सांगून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

अवांतर: अलेक्झांडर डंबल (जानेवारी २०२२ मध्ये गेले) आपल्या सर्किटवर इपॉक्सीचा लेप ओतायचे, कोणी नक्कल करू नये म्हणून. लोकांनी तो खरवडून नकाशे काढलेच. तरी एका ओव्हरड्राइव्ह स्पेशलसारखा दुसरा वाजत नाही, कारण ते वाजवणाऱ्याच्या हाताप्रमाणे किमती बदलत जायचे. लेपाखाली काही जादूची तार नव्हती.

स्ट्रॅटपेशवा

मिसळ मी जिंकणार, जागा तुम्ही ठरवा. पण सॉकेटचा मुद्दा पटला. माझ्या आधीच्या कॉम्बोचं हेच झालं होतं, ऐन कार्यक्रमात वरून थाप मारत बसलो होतो.

सहावी तार

काका, निगडीकर, दंडवत. एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या ॲम्पची पाठ उघडून घेतली. जॅक आणि पॉट चेसिसला आहेत, प्रीॲम्पचे सॉकेट बोर्डवर, पण दोन्ही ईएल८४ चेसिसला वेगळे बसवलेत. मागे ८ ओहमचा जादा स्पीकरचा जॅकही आहे.

दोन शंका उरल्या. कर्वेनगरच्या ५ई३ वर बाराव्या घराच्या वर तार ओढली की मागून एक वेगळाच खालचा सूर येतो, तारेबरोबर सरकणारा पण बेसूर. शिवाय काही न वाजवता बारीक गुणगुण आहे. आणि दुसरं, पहिलं हेड १२० व्होल्टचं आहे. ते गृहस्थ म्हणाले सोबत स्टेपडाउन (२३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) देतो, काही काळजी नाही. खरंच नाही ना?

जुना कंडेन्सर

भुताचा सूर. कान चांगला आहे तुमचा.

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, रेक्टिफाय झाल्यावर तरंग १०० हर्ट्झचा. फिल्टर कंडेन्सर कमी पडला की हा १०० हर्ट्झ तुमच्या सुरात मिसळतो आणि बेरीज-वजाबाकीचे सूर बाहेर पडतात. तुम्ही ७०० वर तार ओढली तर मागे ६०० आणि ८०० उभे. तार सरकली की तेही सरकतात, पण सुराच्या नात्याने नाही, म्हणून बेसूर. अमेरिकेत हेच भूत १२० वर राहतं.

गुणगुण कोणती ते गिटारवरच तपासा. सहाव्या तारेचं तिसरं घर, म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. गुणगुण त्याच्याशी जवळजवळ जुळली तर १०० ची, दोष फिल्टरकडे. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० ची, म्हणजे हीटरच्या तारा नीट पिळलेल्या नाहीत किंवा ग्राउंड चुकीच्या जागी जोडलाय. ५ई३ च्या मूळ नकाशात १६ मायक्रोफॅरडचे तीन फिल्टर आहेत. बांधणाऱ्याला सांगा पहिला तपास, नवा असला तरी. कपाटात पडून राहिलेला जुना माल लोक नवा म्हणून लावतात. तिथे २२ पर्यंत चालेल, त्याहून फार वाढवू देऊ नका. ५वाय३ ला सुरू होताना भार पडतो, आणि ज्या दबण्या-उसळण्यासाठी हा ॲम्प घ्यायचा तेच जातं.

आता १२० व्होल्ट. 'काळजी नाही' असं विकणारा म्हणाला की काळजी सुरू करावी. आधी चेसिसवरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बघा. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या बऱ्याच जणांच्या ट्रान्सफॉर्मरला २३० चा टॅप असतो, तार आत टोपी घालून गुंडाळून ठेवलेली. असेल तर कोणीही जाणता माणूस ती बदलून देईल, फ्यूजची किंमत निम्मी करायला विसरू नका म्हणावं, आणि विषय संपला.

टॅप नसेल आणि त्यावर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ५० हर्ट्झवर त्याच्या कोअरमध्ये वीस टक्के जास्त फ्लक्स जातो. तो गरम राहतो, कधी गुरगुरतो. स्टेपडाउन व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. शिवाय २३० ला १२० देणारा स्टेपडाउन, रात्री उशिरा लाइन २४५ ला चढली की १२८ देतो. ६.३ चे हीटर ६.७ वर. या घराण्यातले ईएल८४ मुळातच हद्दीवर चालवलेले असतात, त्यांना हा जाच कशाला! स्टेपडाउनच वापरायचा तर ३०० व्हीए किंवा जास्त, आउटपुट मीटरने मोजलेला आणि तीन पिनचा. बाजारातले बरेचसे दोन पिनचे असतात, अर्थ पुढे जातच नाही, आणि तुमच्या हातात गिटारच्या तारा आहेत.

घ्यायचा कुठला ते माझ्या मते असं. ड्रमर जोरकस असेल तर ५ई३ स्वच्छ आवाजात त्याच्यापुढे टिकणार नाही, मळलेल्या आवाजात टिकेल. ३० वॅट आणि १५ वॅट यांत फरक फक्त ३ डेसिबलचा. सेलेस्टियन ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, व्हिंटेज ३० आणि ॲल्निको ब्लू १०० चे. म्हणजे १५ वॅटच्या कॉम्बोला दोन डेसिबल जास्त देणारा स्पीकर लावला तर त्या अंतराचा बराचसा भाग तिथेच भरून निघतो, तेही हेडच्या किमतीच्या छोट्या तुकड्यात. मात्र ब्लू एकटाच १५ वॅटचा, कॉम्बो पूर्ण पिळलात तर तो जीव तोडून काम करेल. व्हिंटेज ३० ६० वॅटचा, निवांत.

पण अजून पैसे देऊ नका. तुमच्या कॉम्बोला ८ ओहमचा जॅक आहे ना? तो उचला आणि कोरेगाव पार्कला न्या. त्या गृहस्थांचं २ बाय १२ चं खोकं ८ ओहमचं आहे का आधी विचारा, मग आतला स्पीकर काढून कॉम्बो त्यावर जोडा. तोच खोका, तीच खोली, तीच गिटार, दोन्हींचा आवाज सारखा लावलेला. जास्त मोठा तो नेहमी जास्त चांगला वाटतो, म्हणून हे शेवटचं फार महत्त्वाचं. बटणं बँडमधल्या दुसऱ्या कोणाला तरी फिरवायला सांगा आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून वाजवा. तरीही हेडच ओळखू आलं आणि तेच हवंसं वाटलं, तर तो फरक सर्किट आणि ट्रान्सफॉर्मरचा आहे, आणि तो विकत घेण्यासारखा आहे. नाही ओळखू आलं तर टिंबर मार्केटमधून पाइनच्या फळ्या आणा, कॉम्बोचं चेसिस काढून मोठ्या उघड्या पाठीच्या खोक्यात बसवा. मापं मी देतो. सुताराला एवढंच सांगा की कोपरे बोटं अडकवून जोड, आत खिळे नकोत, आणि समोरची फळी पाइनची नको, प्लायची.

निगडीकर

भिंतीकडे तोंड करून वाजवायच्या दिवशी मला कळवा, मी येतो. मिसळीचाही निकाल लागेल.

सहावी तार

खोकं ८ ओहमचंच आहे, विचारलं. गृहस्थ तयार आहेत, फक्त म्हणाले दुपारी सोसायटीत आवाज चालत नाही, संध्याकाळी सहानंतर या. काका, मापं पाठवाच.

जुना कंडेन्सर

पाठवतो. चेसिसची रुंदी टेपने मोजून कळवा, आणि स्पीकरच्या चुंबकापासून आउटपुट ट्रान्सफॉर्मर किती लांब येतो तेही.